खलनायकाचा बोलविता धनी

राहुल द्रविड ह्या इंदौरला जन्मलेल्या आणि बेंगळुरूत वाढलेल्या मराठी क्रिकेटपटूने सोळा वर्षांच्या कसोटी कारकिर्दीत शांततेची आणि संयमाची जी कीर्ती जोडली होती, तिचीच गंमत करणारी एक जाहिरात एप्रिल २०२१ मध्ये झळकली. आणि वाहनांच्या तुंबलेल्या रांगेत संतापलेला, शेजारच्या मोटारीचा आरसा बॅटीने फोडणारा, अखेरीस मोटारीच्या छतातून वर निघून आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची ललकारी देणारा द्रविड पाहून बेंगळुरूतल्या आमच्या ह्या वस्तीला जो आनंद झाला, तो २०११ साली येथे मेट्रो सुरू झाली तेव्हाही झाला नसेल. गुंड दिसला, ओरडला, लोकांना भावला. आणि त्याच्यामागे कोण आहे ह्याचा उलगडा जाहिरातीच्या शेवटी कंपनीच्या नावाने झाला. येथील शंभर फुटी रस्त्यावरच्या उपाहारगृहांत परदेशी मालिका आणि संगणकावरचे खेळ ह्यांविषयी तासन्‌तास वाद घालणारी तरुण मंडळी ज्याला ‘फायनल बॉस’ म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी आपण इतका वेळ झुंजलो तो दुष्ट केवळ नोकर निघावा आणि खरा मालक पुढे कुठे तरी बसलेला असावा, त्या कल्पनेचा आढावा मराठी साहित्याच्या आणि रंगभूमीच्या बाजूने घ्यावा असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी एक भेद ध्यानात घेणे इष्ट. वरच्या दर्जाचा हा दुष्ट दोन प्रकारांनी लपतो. एकाचे तोंडच झाकलेले असते, आणि ते उघडे पडले की कथेचा पडदा पडतो. दुसऱ्याचे तोंड, नाव, हुद्दा, फार काय त्याच्या वाड्याचा पत्ताही गावाला ठाऊक असतो, झाकलेला असतो तो केवळ त्याचा हात. पहिल्या प्रकारात प्रश्न ओळखीचा आहे, दुसऱ्यात जबाबदारीचा. युरोप-अमेरिकेतल्या लोकप्रिय कथांनी पहिल्याची जोपासना फार हौसेने केली, तर मराठीतले जे उत्तम आहे ते बहुतेक सारे दुसऱ्या प्रकारात मोडते, असे माझे मत आहे, आणि ते का, हे पुढील विवेचनावरून दिसावे.

पहिल्या प्रकाराची उपपत्ती बरीचशी व्यावसायिक आहे. शेरलॉक होम्सच्या कथा लिहून लिहून कंटाळलेल्या कॉनन डॉइलला १८९३ साली आपल्या नायकाचा शेवट करावयाचा होता, आणि असल्या नायकाला मारण्याइतका तोलामोलाचा वैरी हाताशी नसल्यामुळे त्याने प्राध्यापक मोरिआर्टी निर्माण केला. लंडनमधल्या निम्म्याशिम्म्या दुष्कृत्यांची सूत्रे ह्याच इसमाच्या हाती होती, असे वाचकाला त्या एका कथेत अकस्मात कळते. जेम्स बाँडच्या बाबतीत तर धनी बदललासुद्धा: १९५८ च्या कादंबरीतला डॉक्टर नो रशियाशी हातमिळवणी करून आहे, आणि १९६२ च्या चित्रपटात तोच एका गुप्त आंतरराष्ट्रीय टोळीचा चाकर होतो. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटात, १९७७ साली, सम्राटाचा केवळ उल्लेख होता, १९८० साली तो छायारूपाने दिसला आणि १९८३ साली प्रत्यक्ष सिंहासनावर येऊन बसला. जी कथा खपते ती संपविणे परवडत नाही. खाली खलनायक पराभूत झाला की त्याच्या वर एक हुद्दा नव्याने मंजूर करावयाचा आणि त्यावर यथावकाश नेमणूक करावयाची, ही ह्या व्यवसायाची कार्यपद्धती होय. पहिल्या काही वेळा वाचक दचकतो. नंतर तो पदोन्नतीची वाट पाहू लागतो, आणि तेथे रहस्याचा जीव जातो.

आपल्याकडे ही शिडी फार जुनी आहे, आणि ती चढताना जे दिसते ते अगदी निराळे आहे. वनपर्वातले नलोपाख्यान घ्यावे. नळाचे राज्य द्यूतात हरण करतो तो त्याचा भाऊ पुष्कर. परंतु पुष्कराला पुढे करणारा कली आहे, जो दमयंतीच्या स्वयंवराला उशिरा निघाला आणि वाटेतच, परतणाऱ्या देवांकडून, तिने मनुष्याला वरल्याचे ऐकून पेटून उठला. तो कली बारा वर्षे संधीची वाट पाहतो आणि एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसला, एवढ्या अल्पशा अशौचाच्या फटीतून त्याच्या देहात शिरतो. त्याचा साथीदार द्वापर फाशांत जाऊन बसतो. अखेरीस नळाच्या देहातून बाहेर पडलेला कली भयाने बेहड्याच्या झाडात आश्रय घेतो, आणि प्राचीन काळी फासे बेहड्याच्याच फळांचे करीत असत हे ज्याला माहीत आहे त्याला ह्या तपशिलातली खोच कळते. राज्य परत जिंकल्यावर नळ पुष्कराला काय करतो? त्याला क्षमा करतो, त्याचा वाटा त्याला देतो आणि सन्मानाने घरी पाठवितो, कारण अपराध कलीचा होता. कलीलाही तो शाप न देताच सोडतो. म्हणजे वरचा धनी सापडला की खालच्या चाकराची कैफियत ग्राह्य धरली जाते. ह्या न्यायाचा उपयोग पुढच्या काळात कोणी कोणी केला तो भाग अलाहिदा.

सभापर्वातली मांडणी ह्याहून सूक्ष्म आहे. लोकांच्या लेखी दुर्योधनामागचा कारस्थानी म्हणजे शकुनी. त्याच्याभोवती लोककथांनी मोठे कुभांड रचले आहे: कौरवांनी गांधारराज सुबलाला पुत्रांसह कोंडले, अन्न इतके तुटपुंजे दिले की सर्वांनी आपला घास एकट्या शकुनीला देऊन त्याला जगविले, आणि बापाच्या अस्थींचे फासे करून त्याने कौरवकुळाचा नाश घडवून आणला. ही कथा व्यासांच्या भारतात नाही. पण ती जिने रचली त्या लोकप्रतिभेची तर्कशुद्धता वाखाणण्यासारखी आहे, कारण तिच्यात दुर्योधनाचा सल्लागार हाच त्याचा सर्वांत मोठा वैरी ठरतो, आणि खलनायकाचा पराभव हाच त्याच्या मागच्या खलनायकाचा हेतू असतो. केरळात कोल्लम जिल्ह्यात दुर्योधनाचे देऊळ आहे आणि शकुनीचेही आहे. दक्षिणेने ह्या दोघांना पार टाकून दिलेले नाही. ह्याच बेंगळुरूत शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला बसवाहक हौशी कन्नड नाटकांतून दुर्योधन रंगवीत असे आणि पुढे रजनीकांत ह्या नावाने तमिळ पडद्यावर आरंभीची काही वर्षे त्याने खलभूमिकाच गाजविल्या, ही आठवण येथे ओघाने आली म्हणून नोंदवितो.

परंतु व्यासांना शकुनीत फारसे स्वारस्य नाही. द्यूताचे आमंत्रण धृतराष्ट्राच्या आज्ञेने निघते, ते घेऊन जाण्याची कामगिरी ज्याला हे कृत्य अधर्म्य आहे असे वाटते त्या विदुरावर सोपविली जाते, आणि पणांमागून पण लागत असता आंधळा राजा हर्ष आवरू न शकून, काय जिंकले, काय जिंकले, असे पुनःपुन्हा विचारीत राहतो. सभेतला कोणता मनुष्य सर्वांत वर बसला आहे हे सर्वांना दिसते. त्याला स्वतःला काही दिसत नाही, ही त्याची सबब. तिचा फायदा त्याला केवळ त्या सभेत नव्हे, आपल्या वाचनातही आजवर मिळत आला. दुर्योधन आणि शकुनी ह्यांचा उच्चार आपण ज्या तिरस्काराने करतो त्याचा चतुर्थांशही धृतराष्ट्राच्या वाट्याला आलेला नाही. हात झाकलेल्या खलनायकाचे ह्याहून श्रेष्ठ चित्र मला ठाऊक नाही.

रामकथेत ही शिडी आणखी वर जाते. कैकेयीमागे मंथरा, हे वाल्मीकींनी सांगितले. अध्यात्मरामायणाने आणि तुलसीदासांनी मंथरेमागे सरस्वतीला उभे केले आणि सरस्वतीला पाठविणारे देव असल्याचे सांगितले, कारण राम वनात गेल्याविना रावणवध घडणार नव्हता. आणि रावण तरी कोण? वैकुंठाचा शापित द्वारपाल, जो हिरण्यकशिपू होऊन, रावण होऊन, शिशुपाल होऊन तीन जन्मांत आपल्या धन्याकडे परत जावयाचा आहे. शोध घेत घेत वर जावे तो अपराध विरळ होत जातो, आणि सर्वांत वरच्या पायरीवर दुष्टाऐवजी साक्षात भगवंत भेटतो. कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला त्यामुळे बोलविता धनी उघडकीस येण्याचा धक्का असा कधी बसलाच नाही. त्याला तो धनी आधीपासून ठाऊक होता, आणि त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागावयाची हा प्रश्न तेवढा शिल्लक होता.

इतिहासाच्या प्रांतात आल्यावर वरचा धनी शोधण्याच्या ह्या प्रवृत्तीची एक अप्रिय बाजू दिसते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हत्यारे गारद्यांच्या हाती होती, सुमेरसिंग पुढे होता, तुळाजी पवार आत सामील होता, आणि मसलतीचे टोक रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांपर्यंत पोहोचत होते. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरले ही गोष्ट लोकस्मृतीत पक्की आहे. प्रकरण येथे पुरे व्हावयास हरकत नव्हती. परंतु लोकांना आणखी एक पायरी हवी होती, आणि तिच्यावर राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंना बसवून, धरण्याच्या हुकुमात त्यांनी एक अक्षर फिरवून मारण्याचा हुकूम केला, ही आख्यायिका इतकी रुजली की तिचा वाक्प्रचार झाला. तिला भक्कम कागदोपत्री आधार मिळालेला नाही. खाडिलकरांनी १९०९ च्या ‘भाऊबंदकी’त हीच जोडी रंगमंचावर आणली आणि राघोबांचे दौर्बल्य व आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा ह्यांचा असा काही मेळ घातला की प्रेक्षकाने घरी जाताना नवऱ्याची कीव आणि बायकोचा द्वेष करावा. कैकेयीमागे दासी, राघोबामागे पत्नी: दुष्कृत्यामागचा वरिष्ठ शोधताना आपल्या कथाकारांची नजर माजघराकडे फार लवकर वळते, हे नमूद करून ठेवणे अवश्य आहे. ह्या शोधात पुष्कळदा चौकशीचा हेतू कमी आणि कुळाच्या कर्त्या पुरुषाला सूट देण्याचा अधिक असतो.

ह्याच खाडिलकरांचे ‘कीचकवध’, १९०७ चे, ह्या विषयात एकमेवाद्वितीय म्हणावे लागेल. कारण त्यातला खरा खलनायक नाटकात नाहीच. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा अर्थ प्रेक्षकांना सांगावा लागला नाही, आणि तो सरकारलाही कळला. १९१० साली नाटक जप्त झाले. पडद्याआडच्या धन्याने स्वतःची ओळख स्वतःच पटवून घेऊन तसा सरकारी शिक्का उमटविल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. देवलांच्या ‘शारदे’विषयी (१८९९) थोडक्यात एवढेच, की तेथे म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या मागे वधूचा पैशाचा लोभी बाप, बापाच्या जोडीला लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि त्या सर्वांच्या वर ज्या रूढीच्या बळावर हा व्यवहार चालतो ती रूढी, पण लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. वरिष्ठाच्याच कायद्यातल्या एका कलमाने कनिष्ठाला दंड झाला, वरिष्ठाचा अंमल जागच्या जागी राहिला.

आता ज्या कृतीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याकडे वळतो. घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ च्या ऑगस्टअखेरीस, त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यामुळे खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा ह्यांनी १८६३ साली त्याच्या नावाने पुस्तक लिहिले होते. परंतु विजय तेंडुलकरांनी ह्या कोतवालाकडे पाहिले ते त्याला नेमणाऱ्या नाना फडणविसांच्या दिशेने. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ‘घाशीराम कोतवाल’ सादर केले. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन, मोहन आगाशे ह्यांचा नाना आणि रमेश टिळेकरांचा घाशीराम. ह्या प्रयोगात नेपथ्याच्या जागी एक मानवी पडदा होता: ब्राह्मणांची एक रांग, जी गाते, डुलते, पाठ फिरवून भिंत होते, तोंड वळवून सभा होते, क्षणात फुटते आणि क्षणात जुळते. रांग जुळली की नाना दिसेनासा होतो, फुटली की तो कोणत्या तरी उद्योगात सापडतो. लपलेल्या खलनायकाला लपविणारे लाकूडकाम किंवा कापड नसून गावातलीच प्रतिष्ठित माणसे आहेत, हे विधान येथे एकाही संवादाविना प्रत्येक प्रवेशात होत राहते. आणि ही युक्ती कोकणातल्या खेळ्यांच्या, दशावताराच्या, कीर्तनाच्या संस्कारातून उपजलेली असल्यामुळे प्रेक्षकाला ती शिकावी लागत नाही.

कथा सर्वविदित आहे. पुण्यात चोरीच्या खोट्या आळाने अपमानित झालेला घाशीराम सूड घेण्यासाठी आपली कन्या नानांच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात कोतवालीची सनद मिळवितो. येथपर्यंत प्रेक्षक समजतो की बापाने कारभाऱ्याला फसवून डाव साधला. मग नाना एकांतात आपला हिशेब मांडतो: हा परका मनुष्य शहरात कोणाचाच नाही, तेव्हा तो करील ते जुलूम त्याच्या नावे जमा होतील आणि आपल्या गैरकृत्यांवरही त्याचेच पांघरूण पडेल. ह्या भाषणाने नाटकातले सारे हुद्दे जागच्या जागी बसतात. नंतर जे घडते ते केवळ त्या हिशेबाची पूर्तता होय. कन्या मरते, कोतवाल क्रूर होतो, कोठडीत माणसे मरतात, लोक वाड्यावर चालून येतात, आणि नाना जितक्या सहजपणे नेमणुकीवर सही केली होती तितक्याच सहजपणे त्याला लोकांच्या हवाली करण्याच्या हुकुमावर सही करतो. घाशीराम मेल्यावर तोच नाना जमावापुढे येऊन पीडा टळल्याची ग्वाही देतो आणि उत्सवाचा हुकूम सोडतो. प्रेक्षागृहात असा एकही मनुष्य नसतो ज्याला नानाचा भाग ठाऊक नाही. रंगमंचावर असा एकही नसतो जो त्याचा उच्चार करील.

नाटकानंतर जे झाले ते नाटकाला पुरवणीच शोभले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाल्याची ओरड उठली, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले, कलावंतांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकादमी स्थापन केली, १९७४ च्या आरंभी प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० साली ते विरोधाला तोंड देत युरोपात गेले. आपले नाटक ऐतिहासिक नाही, घाशीराम निर्माण करणाऱ्या शक्ती कोणत्याही काळात व स्थळी असतात, असे तेंडुलकर सांगत राहिले, आणि मुंबईतल्या समकालीन राजकारणाची छाया त्यात अनेकांनी पाहिली. ह्या साऱ्या गदारोळात घाशीरामाची बदनामी झाली म्हणून कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. वरिष्ठाच्या अब्रूसाठी मोर्चे निघाले. कनिष्ठाच्या अब्रूला दावेदारच नव्हता.

चित्रपटांत ह्याच पठडीची तीन नावे घ्यावी लागतात, आणि तिन्हींच्या लेखनात तेंडुलकरांचा हात आहे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेला गेलेल्या ‘सामना’त मारुती कांबळेचे काय झाले ह्या प्रश्नाचे उत्तर सगळ्या गावाला माहीत असून फक्त एक दारुडा मास्तर तो मोठ्याने विचारतो, आणि साखर कारखान्याच्या जोरावर पसरलेली हिंदुरावाची सत्ता त्या एका प्रश्नाने पोखरली जाते. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ (१९७९) ह्याच्या उलट बाजूने जातो: तेथे तस्कर, कामगारपुढारी, अर्थमंत्री आणि मुख्यमंत्री ही शिडी समोरच मांडलेली आहे, परंतु प्रत्येकजण दुसऱ्याला खेळवितो आहे, आणि अखेर वरिष्ठ कोण हेच ठरत नाही, सारे जाणणारा पत्रकार दिगू वेडापिसा होऊन हसत सुटतो. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ ह्या कथेवरून गोविंद निहलानींनी केलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) हिंदी असला तरी त्याचा पिंड मराठी आहे, आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी जवळून पाहण्यासारखा आहे. तो ओरडत नाही, खुर्चीतून फारसा उठत नाही, आणि निवडणुकीला उभे राहण्याच्या तयारीत असलेला हा माणूस पुढच्या पायरीवर चढण्यासाठी घाई करीत नाही. फौजदार वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि स्वतः ठाण्यावर हजर होतो. ज्यांच्या आशीर्वादाने शेट्टी निर्धास्त होता आणि ज्यांच्या दिल्लीपर्यंतच्या वशिल्याने वेलणकर एकदा वाचला होता, ती माणसे चित्रपट संपतो तेव्हा आपापल्या कामावर आहेत.

बेंगळुरूच्या गुन्हेगारी जगातही एक ‘कोतवाल’ होऊन गेला, हा नियतीचा विनोद. कोतवाल रामचंद्र ह्या दादाभोवती फिरणारा ‘आ दिनगळु’ हा कन्नड चित्रपट २००७ साली आला. त्याच्या पटकथेत अग्नी श्रीधर ह्यांच्याबरोबर गिरीश कार्नाडांचा सहभाग होता. त्यातला कोतवाल भयंकर आहे, त्याचा प्रतिस्पर्धी जयराज त्याहून मुरलेला आहे. पण कथेला गती देणारा मनुष्य ह्या दोघांपैकी कोणी नव्हे. आपल्या मुलाचे नापसंत प्रेमप्रकरण मोडण्यासाठी कोतवालाची मदत घेणारा एक सुखवस्तू, प्रतिष्ठित बाप तिच्या मुळाशी आहे. गुंडाला गिऱ्हाईक लागते आणि ते चांगल्या घरातले असते, ही गोष्ट कार्नाडांच्या लेखणीला सुचावी ह्यात नवल नाही.

मराठी रहस्यकथेकडे मात्र मी निराशेने पाहतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली आणि झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे घरोघर नेली, एका पिढीला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्य आहे. परंतु गुन्हेगारांच्या म्होरक्याचा मुखवटा शेवटच्या पृष्ठांत ओढून काढण्याची ही रीत बाहेरून आलेली होती, आणि मुखवट्याखालचा चेहरा निघाला की त्या माणसाला सत्ता कोठून मिळत होती ह्या चौकशीची गरज तिला भासली नाही. रंगभूमीने जे नानाच्या सहीत दाखविले, ते कादंबरीने पैशाच्या व्यवहारात अद्याप पुरेसे दाखविलेले नाही. इंदिरानगरात जुन्या बंगल्यांच्या जागी नवनव्या कंपन्यांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. तेथे नोकरीवरून काढल्याचे पत्र एकाच्या सहीने निघते, निर्णय दुसऱ्या शहरातल्या मंडळाचा असतो, आणि त्या मंडळाला जाब विचारणारे भांडवलदार तिसऱ्याच देशात बसलेले असतात. ह्या कचेऱ्यांत मराठी माणसे पत्र देणाऱ्यांतही आहेत आणि घेणाऱ्यांतही. धृतराष्ट्राच्या सबबीचा हा नवा अवतार लिहिण्यास लागणारी सामग्री त्यांच्या रोजच्या टपालात पडून आहे, आणि ती ज्याने हाती घ्यावी तो लेखक पुण्या-मुंबईपेक्षा ह्या बाजूने येण्याचा संभव मला अधिक वाटतो.